तळव्यांची धूळ

पैलवानाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. अंगावर मूठभर मांस नव्हतं, पण गोदामात सगळे त्याला पैलवानच म्हणत. आयुष्यभर त्याने पोती वाहिली. खांदा कामातून गेला तेव्हा पोती उचलायला रोबोट आला, आणि त्याला हातांनी नि तोंडाने काम सांगायला पैलवान उभा राहिला.

बघणाऱ्याला वाटे, आयतं काम आहे. “हे उचल, तिथे ठेव” म्हणायचं आणि हात करायचा. पण हात खांद्याच्या वर गेला नाही, तर रोबोट ढिम्म हलत नसे. दुखरा खांदा दिवसभर उचलायचा, त्यापेक्षा पोती परवडली.

त्यात जुनी खोड आड आली. पोतं थप्पीला लागलं की हमाल तळवे झटकतो. धूळ जाते, काम झालं हेही कळतं. रोबोटला मात्र उघडे तळवे म्हणजे ‘सोड’. एकदा पोतं टेकतंय न टेकतंय तोच पैलवानाने तळवे झटकले. रोबोटने पकड सोडली. पोतं खाली येऊन फुटलं, मुकादम थोडक्यात वाचला.

“पुन्हा असं झालं तर घरी बसायचं,” मुकादम म्हणाला.

घरी बसणं त्याला परवडणारं नव्हतं. यंत्रमागांच्या खडखडाटात काम करून बायकोचे कान गेले होते. तिच्या श्रवणयंत्रासाठी तो पगारातून पैसे बाजूला टाकत होता. तोवर घरात त्याचं बोलणं खुणांनीच चाले.

मग पोतं टेकायच्या वेळी तो कमरेचा पट्टा दोन्ही मुठींत घट्ट धरू लागला.

“पँट सुटते का, पैलवान?” मुकादमाने विचारलं.

“सुटली तरी चालेल. पोतं सुटायला नको.”

घरी आल्यावर हात मांडीवर पडून राहत. बायको दिवसभराचं सांगे, तो नुसती मान हलवी. एकदा ताट पुढे सरकवत ती म्हणाली, “त्या लोखंडाशी दिवसभर हातवारे करता. माझ्या वाट्याला येईपर्यंत संपतात होय?”

उत्तर द्यायला त्याने हात उचलला. खांद्यात कळ आली. हात परत खाली ठेवला.

पोतं पुन्हा पडलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या पगारातून दोन्ही कानांची श्रवणयंत्रं आली. पहिल्या संध्याकाळी तो रोबोटशी बोलावं तसं एकेक शब्द तोडून, मोठ्याने बोलला.

“ओरडू नका,” ती म्हणाली. “येतंय ऐकू.”

मग तो हळू आवाजात दिवसभराचं सांगत बसला. हात मांडीवरच होते.