अभयारण्याच्या फाटकापर्यंत

धरणगावच्या यशोदाबाई अकरा वेळा दक्षिणेत जाऊन आल्या आणि अकराही वेळा जंगल न बघता परतल्या. कौतिकभाऊंची यात्रेची बस दरवर्षी निघते. तिच्यात सगळी आपल्याकडची माणसं, आणि आपल्या माणसांचं इडलीनं पोट भरत नाही. म्हणून बसच्या मागच्या बाजूला गॅसची टाकी, पिठाचे डबे, पोतंभर हिरवी वांगी आणि यशोदाबाई. म्हैसूरच्या पुढे अभयारण्य लागतं. प्रवासी जीपमधून आत जातात, बाई फाटकाबाहेर वांगी भाजत बसतात.

"पुढला साल तुमले जंगलमा नक्की लई जासू, अक्का," कौतिकभाऊ दरवर्षी आत न्यायचा शब्द द्यायचे. माणसाच्या कोपराला गूळ लावायचा तरी किती? पण बाईंचा विश्वास होता. यंदा तर एका प्रवाशानं ऐनवेळी येणं रद्द केलं, जीपमध्ये एक जागा मोकळीच होती. कौतिकभाऊंनी ती बाईंना देऊन टाकली. बाई पहाटेच उठल्या. भाकरी थापल्या, भरीत घोटून डब्यांत भरलं, ठेवणीतली साडी नेसल्या आणि सगळ्यांच्या आधी फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

फाटकावरच्या माणसानं यादीतली नावं पुकारली. न आलेल्या प्रवाशाचं नाव होतं, यशोदाबाईंचं नव्हतं. यादीत नाव नाही त्याला आत प्रवेश नाही.

कौतिकभाऊंनी डोकं खाजवलं. "यादी प्रवासीस्नी व्हती, अक्का. तुमनं नाव ध्यानमाच उनं नही."

अकरा वर्षं ज्या हातचं खाल्लं, त्या बाईचं नाव ध्यानात येत नाही! आणि बाकीचे? ते एकेक करून जीपमध्ये चढले. त्यांच्यातल्या उखर्डूनानांनी त्या रिकाम्या जागेवर आपली पिशवी ठेवली आणि जीप निघून गेली. बाई डब्यांपाशी दगडावर बसल्या. रडू आलं नाही. ठेवणीतली साडी नेसल्याची मात्र त्यांना फार लाज वाटली.

दोन तासांनी मंडळी परतली, हातपाय धुऊन पंगतीला बसली.

"काहीच दिसनं नही, अक्का," उखर्डूनाना घास घेत म्हणाले. "झाडंच झाडं. बरं झायं, तुम्ही नही उनात."

बाईंनी भरिताचा डबा खाली ठेवला.

"नाना, माले तेच देखनं व्हतं."

नानांनी मान डोलावली आणि आणखी अर्धी भाकरी मागितली.