चहाला न चालणारं कासव

आमच्या धाकट्याला त्याच्या टीव्ही वाहिनीत सगळे साखरशास्त्री म्हणतात. त्याला वाटतं, हा गौरव आहे. मी त्याची थोरली बहीण, पण मीही कधी त्याचा गैरसमज दूर केला नाही. असली सुखं आयुष्यात थोडीच असतात.

मुलांची कार्टून पडद्यावर जाण्याआधी बघायची आणि बरी की वाईट ते सांगायचं, हे त्याचं काम. त्यासाठी त्याने एकच कसोटी शोधून काढली आहे. ह्या पात्राला आपण घरी चहाला बोलावू का? बोलावू, तर लेखन उत्तम. नाही, तर लेखन कच्चं. संपलं समीक्षाशास्त्र! कंजूष कोल्हा आला. "असल्याला मी दारात उभा करणार नाही, लेखकाला पात्रं जमत नाहीत." कोल्हा गेला. चुगलखोर मैना आली, तीही गेली. आता त्या वाहिनीवर लांडगासुद्धा आधी हात धुतो आणि मग मेंढीच्या तब्येतीची चौकशी करतो. मुलं बघता बघता झोपी जातात, त्यामुळे त्यांच्या आया मात्र वाहिनीवर खूश आहेत.

अशा ह्या पारख्यापुढे माझी मालिका आली. वर्षभर खपून लिहिलेली. ती नाकारली गेली असती तर मला पुन्हा जाहिरातींतल्या साबणांना बोलतं करत बसावं लागलं असतं. बहिणीचं काम भावाने तपासू नये, असं मीच वाहिनीच्या साहेबांना सुचवून पाहिलं. "छे, तो कुणाची भीड ठेवत नाही," साहेब म्हणाले. हे मात्र खरं. माझ्या वाटणीची बिस्किटं खातानाही त्याने कधी ठेवली नव्हती.

मालिकेत एक म्हातारं शिंपी कासव आहे. ओठांत टाचण्या, कपाळाला आठ्या, आणि कौतुकाचं म्हणाल तर तोंड शिवलेलं. आमचे बाबाही शिंपी होते. ओठांतल्या टाचण्या बघूनही धाकट्याच्या डोक्यात काही उजेड पडला नाही. साहेब आणि मी शेजारी बसून बघत होतो, तो नुसता खुर्चीत चुळबुळत होता. "ह्याला चहा? ह्याला मी पाणीसुद्धा विचारणार नाही!"

मग तो प्रसंग आला. कासवाचं पिल्लू जहाजाचं चित्र काढून नाचत येतं. कासव कागद घेतं, उलटा करतं, खडूने रेघ मारतं आणि कात्रीने कॉलरचा नमुना कापून मोकळं होतं.

धाकट्याने बटण दाबून चित्र थांबवलं.

"बस्स! कुठला बाप असं करतो? काहीही लिहायचं? लेखन कच्चं!"

त्याचा आवाज फाटला होता. साहेब चपापले. एरवी मी धाकट्याची चांगली फिरकी घेतली असती.

"करतो की," मी म्हटलं. "तुझ्या जहाजाला निळी शिडं होती. आठवतं?"

त्याने थांबलेल्या चित्राकडे पाहिलं.

"मी आठवडाभर बाबांशी बोललो नव्हतो, ताई."

"माहीत आहे. घरात जरा शांतता आहे म्हणून ते खूश होते."

साहेबांना ह्यातलं काही कळत नव्हतं, पण साहेब असल्यामुळे त्यांना निर्णय हवा होता. "मग कासव काढायचं का? एखादे गोड आजोबा टाकू त्याच्या जागी."

माझं वर्ष त्या खुर्चीत बसलेल्या शहाण्याच्या जिभेवर होतं. त्याने साहेबांकडे पाहिलंच नाही.

"ताई, ती कॉलर कुणाच्या शर्टाची होती गं?"

"तुझ्याच. शाळेच्या. कापड जेमतेम होतं, वाया जाऊ नये म्हणून आधी कागद कापला."

त्याने रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"कासव राहू द्या," तो शेवटी साहेबांना म्हणाला. "त्याचा एक शब्दही गोड करू नका."

"म्हणजे चहाला चालेल म्हणता?"

"नाही," धाकटा म्हणाला, आणि त्याने तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून लावला.