माती सुकतीय

तात्यांच्या मातीवर आम्लाचे चार थेंब टाकायला मी महिना लावला. काम दोन मिनिटांचं होतं. बाटली हाताशी होती, भरलेली होती, आणि माझ्यापुढे दुसरं काही काम नव्हतं. दुसरं काम नव्हतं म्हणूनच महिना लागला. हे कुणाला समजावून सांगायला गेलो की माझीच जीभ अडखळते, म्हणून लिहून बघतो.

मी बारामतीत एका संस्थेच्या माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. नोकरीला लागलो तेव्हा काम भरपूर होतं. वडगाव निंबाळकर, लोणी भापकर, तिकडे इंदापूर तालुक्यातली गावं, सगळीकडून मातीच्या पिशव्या यायच्या. आम्ही चौघं होतो आणि जेवायला पाळीपाळीनं उठायचो. पुढे खताच्या दुकानांतून फुकट तपासणी सुरू झाली. कंपन्यांची माणसं बांधावर येऊन यंत्रावर आकडे सांगू लागली. आमच्याकडच्या पिशव्या कमी होत गेल्या. दोघं निवृत्त झाले, एकाची बदली झाली, खुर्च्या मात्र राहिल्या. आता मी एकटाच असतो. मुख्य कार्यालयातले साहेब आठवड्यातून एखाद्या वेळी डोकावतात.

सकाळी दहाला कुलूप काढायचं. फरशी पुसायची, ती कालच पुसलेली असायची. धुतलेली काचेची भांडी पुन्हा धुवायची. एकदा मी सगळ्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या काढून चांगल्या अक्षरात नव्या लिहून चिकटवल्या. पुढच्या महिन्यात त्याही काढल्या आणि संगणकावर छापून लावल्या. पेपर वाचायचा तो निविदा आणि दशक्रियेच्या जाहिरातींपर्यंत. मोबाईल बघून डोळे दुखायला लागले की खिडकीतून समोरचं गॅरेज बघत बसायचं. त्या गॅरेजवाल्याचा मला हेवा वाटायचा. त्याचे हात काळे असायचे.

बायको म्हणायची, "असल्या नोकरीसाठी लोक नवस बोलतात." तिचं खरं होतं, म्हणून मी कुणाजवळ तक्रार केली नाही. पण संध्याकाळी अंग असं मोडून यायचं, जणू काही दिवसभर उसाच्या मोळ्या वाहिल्यात.

मग मला एक सवय लागली. शेतातून आलेली माती आधी सावलीत सुकवावी लागते. उन्हात टाकून चालत नाही. सुकली की लाकडी मोगरीनं कुटायची, चाळायची, आणि मग तपासायची. नीट केलं तर चार-पाच दिवसांत अहवाल तयार होतो. मी प्रत्येक काम एकेका दिवसावर नेलं, मग दोन-दोन दिवसांवर. माती सुकली तरी ट्रेमध्येच राहू द्यायची, कुटायचं उद्या. आमच्याकडे रात्रीची एखादी भाकरी सकाळसाठी झाकून ठेवतात, तसं मी काम झाकून ठेवायला लागलो. ट्रे रिकामा दिसला की मला धस्स व्हायचं. त्यात माती असली की आपण नोकरी करतोय असं वाटायचं, आणि साहेब आले तर त्यांनाही टेबलावर काहीतरी दिसायचं.

शेतकऱ्यांचे फोन यायचे, "झालं का साहेब?" मी म्हणायचो, "माती सुकतीय." यावर कुणी काही बोलू शकायचं नाही. पावसाळ्यात हे कुणालाही पटेल. मी ते मे महिन्यातही सांगितलेलं आहे.

लोणी भापकरच्या एकानं एकदा पेरूंची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "जरा लवकर बघा." मी पिशवी त्याच्या हातात परत दिली आणि वर सुनावलं, की असलं इथं चालत नाही. बिचारा ओशाळून गेला. घरी येऊन मी हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. पेरू घेऊन काम करणारा माणूस त्याला परवडला असता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. त्याला वाटलं मला काहीतरी हवंय. मला फक्त त्याची माती अजून थोडे दिवस टेबलावर हवी होती.

तात्या आले ते जूनच्या शेवटी. निरवांगीचे. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आणि आता पहिल्यांदाच स्वतःच्या शेतात पूर्णवेळ उतरलेले. दोन कापडी पिशव्या आणल्या होत्या, दोन्हींना दोरा बांधून कागद अडकवलेला.

"ही वरची, ही खालची," ते म्हणाले. "लिंबाचं खड्डं घेताना खाली पांढरं लागतंय. थोरला म्हणतोय, ऊस लावा नि मोकळं व्हा. मी म्हणलं, आधी तपासू. लिंबू चालंल का न्हाय एवढंच सांगा."

खाली पांढरं म्हणजे चुनखडी. जमिनीत चुनखडी जास्त असली तर लिंबाला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात, झाड बसून राहतं. आणि चुनखडी ओळखायची रीत तर अगदी सोपी. मातीवर सौम्य आम्लाचे थेंब टाकायचे. फसफसली की आहे. त्यासाठी माती सुकवावी लागत नाही. तात्या समोर बसलेले असताना, त्यांचा चहा संपायच्या आत मी ते करू शकलो असतो.

मी पिशव्या ठेवून घेतल्या आणि म्हणालो, "आठवड्यानं या."

ते आठवड्यानं आले, मग दर तीन-चार दिवसांनी येऊ लागले. बारामतीत काही ना काही काम काढायचे आणि माझ्याकडे डोकावायचे. मी चहा सांगायचो. ते गाडीवरचे किस्से सांगायचे. इंदापूरच्या स्टँडवर एकजण बोकड घेऊन चढला आणि त्याचं अर्धं तिकीट मागायला लागला. "मी म्हणलं, बोकडाला कसलं हाफ? तर म्हणतोय, मास्तर, बारा वर्षाचं झालं न्हाय अजून ते." हे सांगताना तात्या स्वतःच इतके हसायचे की चहा बशीत सांडायचा. ते गेल्यावर पुढचे दोन दिवस मी ते कधी येतील याची वाट बघायचो. ज्यांच्याशी बोलायला बरं वाटायचं त्यांचं काम माझ्या हातून जास्त रेंगाळायचं. हे मला तेव्हाही आतून कळत होतं.

एकदा थोरला मुलगा त्यांना मोटरसायकलवरून घेऊन आला. तो बारामतीच्या एमआयडीसीत वेल्डर आहे. दारातच हेल्मेट हातात घेऊन उभा राहिला.

"झालं का?" त्यानं विचारलं.

"माती सुकतीय," मी म्हणालो.

तो वडिलांकडे बघून म्हणाला, "तात्यांनी मातीचं रिझर्वेशन केलंय. वेटिंगला हाय."

"गप ए," तात्या म्हणाले. "वेल्डिंग करताना डोळ्यापुढं काच धरतोस का न्हाय? तसंच हाय हे." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "साहेब, रोपं आणून ठेवलीत. पिशवीतनं मुळ्या भाईर आल्यात. पोरगं रोज बोलतंय. तेवढं बघा."

मुळ्या बाहेर आल्या म्हणजे काय, हे मला सांगायला नको होतं. तरी मी म्हणालो, "गुरुवारी बघू." गुरुवारी ते पुन्हा आले असते.

गुरुवारी ते आले नाहीत. शुक्रवारी फोन आला. चांगली झड लागली होती आणि रोपं आणखी थांबली नसती, म्हणून लागण उरकून घेतली होती. "अहवाल काय सवडीनं द्या," ते म्हणाले.

फोन ठेवून मी उठलो, खालच्या थराची चिमूटभर माती बशीत घेतली आणि थेंब टाकले. सोड्याची बाटली उघडावी तशी ती फसफसली. मी आणखी एक चिमूट घेऊन बघितलं. तिनंही तेच केलं. माती केव्हाच वाळून भुगा झालेली होती.

मी लगेच उलट फोन केला. इथं खरं बोलायची संधी होती. मी म्हणालो, "तात्या, खाली चुनखडी जास्त निघालीय. लिंबू जरा अवघड आहे. आम्ल संपलं होतं हो, वरून आलंच नाही, म्हणून उशीर झाला."

मग ते म्हणाले, "असू द्या. तुमचा काय दोष? तिकिटाचं मशीन बंद पडलं की पब्लिकच्या शिव्या आमालाच बसायच्या." उलट मलाच त्यांनी समजावलं.

पुढच्या उन्हाळ्यात थोरला एकटाच आला. त्यानं लिंबाची एक डहाळी टेबलावर ठेवली. पानं पिवळी पडलेली, शिरा तेवढ्या हिरव्या. मी फवारणी सांगितली. फवारणीनं थोडा फरक पडेल हेही सांगितलं, आणि जास्त पडणार नाही हेही. तो चिठ्ठी खिशात घालून तसाच बसून राहिला.

"झाडाचं जाऊ द्या," तो म्हणाला. "तात्या आता शेतात येत न्हाईत. म्हणत्यात, साहेब तपासत हुते, मीच दम धरला न्हाय. जल्मभर तिकीट फाडल्याबिगर घंटी दिली न्हाय आन म्हातारपणी घाई केली. परवा मी म्हणलं, कडंच्या पट्टीत ऊस लावतो. 'तुला काय करायचं ते कर' म्हणाले. पैलं भांडायचे. भांडायचे तवा बरं वाटायचं."

मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "होतं असं वयामुळे." असं मी म्हणालो. ते लिहितानाही लाज वाटते.

तो गेल्यावर बरेच दिवस मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. पेरूंची गोष्टही नव्यानं सांगितली. ती भाजी निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी का लिंबं लावलीत?"

रविवारी मी निरवांगीला गेलो. विहाराच्या मागे त्यांचं घर आहे, पुढे पत्र्याची पडवी. तात्या पडवीत खुर्चीवर बसून टीव्हीवरच्या बातम्या बघत होते. सून चहा ठेवायला आत गेली. ते म्हणाले, "आज कसं येणं केलंत साहेब?"

मी म्हणालो, "तात्या, त्या वेळी आम्ल संपलं नव्हतं."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "म्हंजे? बाटली हुती?"

"होती. भरलेली होती. माती आणलीत त्याच दिवशी सांगता आलं असतं."

"मंग?"

"काम नसतं हो तिथं. तुमचं केलं असतं तर संपून गेलं असतं. म्हणून ठेवून दिलं. आणि तुम्ही यायचात, बोलायचात, ते मला बरं वाटायचं."

बाहेर एक ट्रॅक्टर गेला. तात्यांनी टीव्ही बंद केला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सुनेनं चहा आणून ठेवला, तो कुणी उचलला नाही.

"आमी यायचो बोलाया," ते म्हणाले. "अहवाल देऊन बोलला असता तरी आलो असतो की."

मी मान खाली घातली.

"घरात माझी किंमत राहिली न्हाय साहेब. मीच ठेवली न्हाय. वरीस झालं, मी सोताला खातोय. तुमी मला सांगून जाल, मला हलकं वाटंल. पर थोरल्याला कोण सांगणार? मी सांगितलं तर म्हणंल, म्हातारा आता साहेबावर ढकलतोय." ते उठले आणि पायात चपला घालायला लागले. "हिरीवर मोटारीकडं गेलाय तो. चला."

सून दारातून बघत राहिली. ते पुढे आणि मी मागे, बांधावरून निघालो. वाटेत लिंबाची झाडं लागली. काहींच्या जागी नुसते खड्डे होते. तात्यांनी तिकडे बघितलं नाही. थोरला विहिरीजवळ पाइपचा जोड बसवत होता. वडील शेतात आलेले बघून तो उभाच राहिला, हात पुसायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

"काय झालं तात्या?"

"साहेबांना बोलायचंय तुझ्याशी," तात्या म्हणाले आणि बाजूला सरकले.

वाटेत मी बरीच वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही मला आठवलं नाही. मी म्हणालो, "तुमच्या वडिलांनी घाई केली नाही. ते महिनाभर थांबले. उत्तर माझ्याजवळ होतं आणि मी ते दिलं नाही. काम संपेल म्हणून. मग वर खोटंही बोललो. झाडं गेली ती माझ्यामुळे. त्यांना बोल लावू नका. माझं चुकलं. तुम्ही दोघंही मला माफ करा."