हळदीचं फडकं

हळदीत भिजवून वाळवलेलं फडकं हौदात बुडवायचं, बाहेर काढून उन्हात धरायचं आणि म्हणायचं, "अजून भरवसा न्हाय." आमच्या साबणाच्या कारखान्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींची ही रोजची तऱ्हा.

नळदुर्गाबाहेरचा तो छोटा कारखाना निजामाचं राज्य गेल्यावर काही वर्षांनी निघालेला. साबण झाला की कॉस्टिकचं उरलेलं पाणी हौदात साठे. ते तसंच ओढ्याला सोडलं तर ढोरांची तोंडं पोळत. म्हणून मिस्त्री त्यात बेताबेतानं तेजाब घालून त्याचा जोर मारत. फडकं लाल झालं तर पाण्यात अजून जहर आहे. पिवळंच राहिलं तर सोडायला हरकत नाही.

तुमच्याही ओळखीत एखादं संशयी माणूस असेल, पण त्याला मिस्त्रींची सर नसावी. एस.टी.ची पाटी वाचून, कंडक्टरला विचारून, वर दोन उतारूंना विचारल्याखेरीज ते पायरीवर पाय ठेवत नसत. जुम्म्याच्या नमाजाला निघताना हौदाच्या झडपेला कुलूप घालत. मी चहा दिला तर पहिला घोट मलाच प्यायला लावत. मला राग येई, आणि त्यांच्यावर माझा जीवही होता.

वापरलेली लाल फडकी ते बाभळीवर टाकत. खालच्या मळ्यातल्या एका आजीची म्हैस आटली आणि नेमकी तिला ती फडकी दिसली. झालं, भानामतीचा बोभाटा उठला. माणसं दारात जमली. मालक घाबरले. फडकी जाळा, ते तपासणं बंद करा आणि पाणी तसंच सोडा, असं त्यांनी मिस्त्रींना सांगितलं.

मिस्त्री म्हणाले, "मला काढा, मालक. पण बघितल्याबिगर पाणी सोडू नका."

मालकांनी त्यांना काढलं. मिस्त्री ट्रंक उचलून फाट्याकडे गेले, आणि पाणी ओढ्याला गेलं.

म्हशीच्या ओठांना फोड आले तेव्हा आजी कारखान्याच्या दारात येऊन बसली. मालकांनी हौदात अंदाजानं तेजाब ओतलं आणि आता पाणी चांगलं आहे म्हणून सांगितलं. मीही तिची समजूत घातली. तिनं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"त्या म्हाताऱ्याला बोलवा," ती म्हणाली. "त्यो म्हणंल तवाच म्हस पाण्यावर नेईन."

बोलावणार कुठून? इतक्या वर्षांत मिस्त्रींनी आपलं गाव आमच्यापैकी कोणालाच सांगितलं नव्हतं.