लाल पेनाने तपासलेली वेबसाइट

खोटं बोलायला मला भीती वाटते, पण इंग्रजीत खोटं लिहायला अजिबात वाटली नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पेणला आमचा गणपतीचा कारखाना होता आणि मी गाडीने रोह्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. मशीनला धूळ लागू नये म्हणून क्लासमध्ये चपला बाहेर काढाव्या लागत. तिथल्या एकाच मशीनला फोनच्या तारेतून इंटरनेट यायचं, तेही त्याच्या मर्जीने. त्या मशीनवर बसून मी आमच्या कारखान्याची चार पानांची वेबसाइट बनवली.

मला कारखान्यातच राहायचं होतं, पण माझा हात रंगात कच्चा. मूर्तीचा कान रंगवायला घेतला की रंग गालापर्यंत जायचा. बाबांचं म्हणणं, मी रोह्याच्या एखाद्या कंपनीत टायपिंगची नोकरी धरावी. वेबसाइटचं कळल्यावर तर ते हसलेच. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? ज्याला मूर्ती हवी तो पेणला येतोच." शेवटी हट्ट करकरून मी एक हंगाम मागून घेतला. वेबसाइट बघून एक तरी गिऱ्हाईक आलं तर मी कारखान्यात, नाही तर नोकरीचा अर्ज.

मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळ्या मूर्ती शंभर टक्के शाडूच्या. तीन पिढ्यांची परंपरा. जगात कुठेही न मोडता पोचवण्याची हमी. लिहिताना मला फार मजा आली, हे कबूल करायला हवं.

अडलं फक्त फोटोपाशी. आमच्याकडे डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते, मूर्ती कारखान्यातून बाहेर पडायच्या आधी. बाबांचा नियम असा की डोळे नाहीत तोवर ती माती, आणि मातीचा फोटो काढून तो देव म्हणून दाखवायचा नाही. फाल्गुनात आमच्या एकाही मूर्तीला डोळे नव्हते. मी दुसऱ्या एका कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरवरचा गणपती उचलला आणि आमच्या वेबसाइटवर बसवला.

चैत्रात एक गृहस्थ कारखान्यात आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. रोह्याच्या एका केमिकल कंपनीतून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी लग्न होऊन परदेशात गेली होती, ती पुढच्या महिन्यात माहेरी येणार होती आणि जाताना गणपती घेऊन जाणार होती. तिने तिकडे आमची वेबसाइट बघितली आणि वडिलांना फोन केला, की जाऊन बघून या. त्यांनी क्लासमधून चारही पानं छापून आणली होती. मला इतका आनंद झाला की चहा करायला धावले, आणि साखर दोनदा घातली.

चहा घेऊन आले तर त्यांनी कागद मांडीवर पसरले होते. "पिंपावरच्या लेबलवर लिहिलंय तेच पिंपात आहे का, एवढंच मी नोकरीभर बघितलं," ते बाबांना सांगत होते. "तुमचंही तसंच बघतो. राग मानू नका." बाबांना इंग्रजी येत नाही, म्हणून ते गृहस्थच एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागले. मी चहाचा ट्रे धरून तशीच उभी राहिले.

"सगळ्या मूर्ती शाडूच्या?"

बाबांनी मागे बघितलं. "त्या दोन रांगा प्लास्टरच्या हायेत ना." खरं म्हणजे त्या रांगा मी विसरले नव्हते. आमच्या घरात शाडूच्या मूर्तींना 'आपल्या' म्हणतात आणि प्लास्टरच्या मूर्तींना 'गिऱ्हाइकाच्या'. मी फक्त आपल्या मोजल्या होत्या. लाल फुली.

"तीन पिढ्यांची परंपरा?"

"माझा बाप मिठागरावर होता, साहेब. मी मामाकडं शिकलो. एक पिढी माझी, आन् अर्धी हिची म्हना."

"जगात कुठेही न मोडता?"

"ठान्यापुढं कदी पाठवली नाय. हायवेचे खड्डे पार करून धड जाते, येवढं सांगू शकतो."

साहेबांना हसू आलं, पण फुली मारलीच. मग त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "ही मूर्ती दाखवा."

बाबांनी चष्मा चढवला आणि कागद उजेडात धरला. फार वेळ लागला नाही. "हा डोळा माझा नाय," ते म्हणाले. "कडेला जास्त वढलाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला इतकी लाज वाटली की हातातला ट्रे खाली ठेवायचंही सुचेना. बाकीच्या बढाया एक वेळ चालल्या असत्या. पण आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताला डोळा आखू न देणाऱ्या माणसाच्या नावावर मी परका डोळा खपवला होता. मनातल्या मनात मी टायपिंगच्या नोकरीचा अर्ज लिहायलाही घेतला.

"मग तुमचा डोळा कसा असतो?" साहेबांनी विचारलं.

"मूर्तीवर आता आखनार नाय. येळ झाली नाय." बाबा उठले, बारीक कुंचला घेतला, काळ्या रंगात बुडवला आणि माझ्याच छापील पानाच्या कोऱ्या कडेवर एक डोळा आखला. वरची रेघ, खालची रेघ, मध्ये बुबुळ. कागद आमच्याकडे बघू लागला.

साहेबांनी कागद तिथेच ठेवून दिले. मग जाऊन त्यांनी शाडूची एक मूर्ती उचलली, वजन बघितलं, तळ बघितला आणि लाल पेनाचं टोपण लावलं. "माल पास," ते म्हणाले, "लेबल नापास. ही मूर्ती मुलीसाठी ठेवा. ती मांडीवर घेऊन विमानात बसेल."

"मांडीवर न्यायची तर हमी देतो," बाबा म्हणाले. साहेब गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "लेबल नीट कर गो. मग मला दाखव." ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं, पण रात्री जेवताना तेच खदखदून हसत आईला हायवेच्या खड्ड्यांची गोष्ट सांगत होते.

मे महिन्यात ती मुलगी आली आणि बाबांनी तिच्यासमोर डोळे आखून मूर्ती तिच्या हातात दिली. त्यानंतर एकदा ते माझ्याबरोबर गाडीत बसून रोह्याला आले. निडी स्टेशन गेल्यावर विचारू लागले, अजून किती लांब. क्लासच्या दाराशी चपलांची रांग दिसली तशी त्यांनी न सांगता वहाणा काढल्या आणि हात धोतराला पुसले.

कॅलेंडरच्या गणपतीच्या जागी मी तो कागदावरचा डोळा स्कॅन करून लावला होता. बाबा स्क्रीनसमोर वाकून उभे राहिले. "आता वळखला," म्हणाले. मी नवी वाक्यं मराठीत वाचून दाखवली. शाडूच्या मूर्ती आणि प्लास्टरच्या दोन रांगा. ठाण्यापर्यंत पाठवतो, पुढे स्वतः न्यावी. एका पिढीचा कारखाना.

"थांब," बाबा म्हणाले. "तिथं दोन लिव."

"माझी अर्धीच म्हणाला होतात ना?"

"तवा होती."

माझे डोळे भरून आले, कळफलक नीट दिसेना. "आणि साहेबांनी परत तपासलं तर?"

"तपासू दे की," बाबा म्हणाले. "खरं हाय ते."