रॉकेलवर चालणारी अमेरिकन गाडी

जुन्या अमेरिकन गाड्यांचा नाद मला नेमका कधी लागला ते सांगता येणार नाही, पण तो माझ्यासारख्याला परवडणारा नव्हता एवढं खरं. मी सहकारी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. निजामाच्या काळात जहागीरदारांनी हौसेनं घेतलेल्या लांबलचक गाड्या आमच्या भागात गोठ्यांमधून पडून होत्या आणि त्यांच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. घरच्यांना त्या एकदाच्या डोळ्यांपुढून गेलेल्या हव्या असायच्या, आणि मला तर त्या दिसल्या की जेवण सुचायचं नाही. अशा तीन मी गोळा केल्या. दुष्काळात ऊस जळाला, गाळप लवकर आटोपलं आणि हाताला काम उरलं नाही, तेव्हा वस्तीच्या कडेला लिंबाखाली बसून त्या तिघींतून मी एक चालती गाडी केली. नाक एकीचं, दारं दुसरीची, मागचे स्प्रिंगचे पाटे जीपचे, रेडिएटर ट्रकचा. बायको म्हणायची, एक सवत असती तर नांदवून घेतली असती, तुम्ही तर तीन आणून बसवल्या.

सहा सिलिंडरचं ते इंजिन पेट्रोल प्यायचं म्हणजे म्हशीनं हौदाला तोंड लावावं तसं. त्यात पेट्रोलचे भाव भडकले. विहिरीवरची इंजिनं पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवतात हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. तीच युक्ती मी गाडीला केली. डिकीत रॉकेलची टाकी, बॉनेटखाली पेट्रोलचा लहान डबा आणि माझ्या पायाशी दोन्हींतलं तेल बदलायचा कॉक. कायद्यात बसतं का, ते मी कुणाला विचारलं नाही. शिस्त एकच होती. थांबायच्या आधी कॉक पेट्रोलकडं फिरवून दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे कार्बोरेटरमधलं रॉकेल जळून जातं. रॉकेलवर असतानाच किल्ली बंद केली, तर प्लग ओले होतात आणि सगळं उघडून पुसल्याशिवाय गाडी पुन्हा सुरू होत नाही. म्हणून घरात सगळ्यांना माझी ताकीद होती की किल्लीला हात लावायचा नाही.

त्याच उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा धाराशिवच्या एका कचेरीत कारकून. मी सांगून टाकलं की नवरदेव माझ्या गाडीतून येईल, वेशीतून, गावाच्या मधल्या रस्त्यानं, चावडीपुढून.

चावडीपुढून म्हटल्यावर बायकोनं आधी दार लोटून घेतलं. आम्ही बौद्ध. धर्म बदलूनही बरीच वर्षं झाली होती. कायदा आमच्या बाजूचा होता आणि तोंडानं कुणी काही म्हणतही नव्हतं. तरी आमच्या वस्तीतला माणूस चावडी आली की दहा पावलं आधी सायकलवरून उतरायचा आणि चावडी संपली की पुन्हा बसायचा. खोटं कशाला बोलू, मीही उतरायचो. बाहेर मोठमोठी भाषणं करायचो आणि तिथं आलं की पाय आपोआप जमिनीला लागायचा. त्याची मला इतकी चीड होती की ती गाडी मी चावडीपुढून न्यायलाच बांधत होतो, हे मलाच उशिरा कळलं.

बातमी चावडीपर्यंत गेली. तिथून निरोप आला, अगदी गोड शब्दांत. गल्ली अरुंद आहे, गाडी मोठी आहे, नदी तर यंदा कोरडीच आहे, पात्रातून सरळ वस्तीवर या. बा म्हणाले, नदीनं गेलं म्हणून काय बिघडतं, पोरीचं लगीन पार पडू दे. मी ऐकलं नाही. दोन दिवस आम्ही बापलेक एकमेकांशी धड बोललो नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी बा लिंबाखाली आले, गाडीच्या टपावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जायचं तर जाऊ. पर पुढं तुझ्याजवळ म्या बसणार. काय झालं तर आदी मला व्हऊ दे."

लग्नाच्या दिवशी सकाळी दहालाच ऊन तापलं होतं. वेशीवर नवरदेव आणि त्याचे मामा मागं बसले. पुढच्या लांब सीटवर मी आणि बा. बांच्या अंगावर नवं धोतर, डोक्यावर पांढरा फेटा. पुढं हलगी, मागं आमची माणसं, आणि गाडी माणसाच्या चालीनं रॉकेलवर धूर ओकत निघाली. पेट्रोल डब्यात जेमतेम होतं. ते मी मांडवापाशी थांबण्यासाठी राखून ठेवलं होतं.

गल्लीच्या दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती. कुणी हसत नव्हतं, कुणी शिवी देत नव्हतं, नुसती बघत होती.  वळण घेतलं आणि चावडी दिसली. ओट्यावर वीसेक जण बसलेले, मधोमध जुने पाटील. मनात म्हटलं, फक्त पन्नास पावलं, बाई, दगा देऊ नको.

चावडीच्या बरोबर पुढं आलो आणि बांचा हात डॅशबोर्डच्या मधोमध गेला. त्यांनी किल्ली फिरवली.

इंजिन गप्प झालं. पुढची हलगीही थांबली. मी बांकडं बघितलं, पण ते माझ्याकडं बघत नव्हते, आपल्याच हाताकडं बघत होते. दुसरा हात दाराच्या मुठीवर होता. सायकलवरून उतरायचे तसे ते उतरायला निघाले होते. त्याच चावडीपुढं उन्हात उभं राहून त्यांनी अर्धं आयुष्य हुकूम ऐकले होते. हाताला कुणी सांगावं लागलं नाही.

मी किल्ली फिरवून बघितली. स्टार्टर नुसता कण्हला. मागून नवरदेवानं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "गाडीत खोट हाय, जुनी हाय." ज्या गाडीला कुणी नावं ठेवली तर मी भांडायला उठत होतो, तिला मीच खोटी ठरवली. मग हळू आवाजात बांना म्हणालो, "बा, उतरू नका. काय बी झालं तरी उतरू नका."

बॉनेट उघडलं. ओट्यावरून कुणीतरी सल्ला दिला की पोरं लावा अन् ढकलत न्या. आमची दोघं-तिघं पुढंही झाली. मी त्यांना मागं सारलं. ढकलायचं म्हणजे सगळ्यांनी खाली उतरायचं, आणि मग आमची वरात चावडीपुढून पायीच गेली असती. सहाच्या सहा प्लग तापलेले. जुन्या धोतराच्या चिंधीत धरून काढताना बोटं भाजली. कार्बोरेटरमधलं रॉकेल खाली सोडलं, प्लग पेट्रोलनं धुतले, पुसले. अर्धा तास तरी गेला असेल. पाठीत त्या सगळ्यांचे डोळे टोचत होते आणि भाजलेल्या बोटांनी प्लग आट्यात बसत नव्हता.

तेवढ्यात जुने पाटील उठले आणि गाडीच्या खिडकीशी आले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, मायाच होती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. माझ्या बापाला ते म्हणाले, "ऊन लागंल रे तुला. उतर खाली, चावडीच्या सावलीला टेक."

मी पाना हातात धरून तसाच उभा राहिलो. बांनी मुठीवरचा हात काढला, मांडीवर ठेवला आणि समोर बघत म्हणाले, "न्हाय, मालक. म्या बसतो हितंच."

पाटील परत ओट्यावर जाऊन बसले. मी शेवटचा प्लग आवळला, उरलंसुरलं पेट्रोल सोडलं आणि किल्ली फिरवली. इंजिन तीनदा खोकून पेटलं, धुराचा लोट चावडीवर गेला आणि हलगी वाजू लागली. आम्ही निघालो. 

मांडवापाशी मी हात धरून त्यांना उतरवलं. धोतर घामानं अंगाला चिकटलं होतं. मांडवात वाट बघत असलेले व्याही पुढं आले आणि माझी थट्टा करू लागले. म्हणाले, फिटरसाहेब, तुमच्या अमेरिकन बाईनं भर चावडीपुढं बसकण मारली म्हणे. सगळे हसले. मीही हसून मान हलवली आणि विषय तिथंच संपवायला निघालो.

बांनी माझा हात सोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाडीत काय खोट न्हाय. किल्ली म्या फिरवली. चावडी आली म्हणून फिरवली."

 मग त्यांनी नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला घेऊन मांडवात गेले.