सतरा एक

आफ्के टाकेमा माझ्या शेजारच्या खाटेवर होती. लीवार्डनच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. छातीतून रक्त पडलं आणि आमच्या क्षय-आरोग्यधामात आली. पुरुषांच्या दालनातला हिल्ब्रांट बोएल्सही गणितवेडा. दालनं वेगळी, बोलायला बंदी. मग सिस्टर लांबर्टाच्या लापशीच्या गाडीवरून चिठ्ठ्या यायच्या-जायच्या.

"पुन्हा प्रेमपत्र?" सिस्टर डोळे वटारायची.

"भागाकार आहेत हो," आफ्के म्हणायची आणि लाजायची.

खरंच भागाकारच होते. सतरा वेळा एक लिहून होणारी संख्या मूळ आहे की तिचे तुकडे पडतात, हे दोघांना शोधायचं होतं. सगळ्या संख्यांनी भागायची गरज नव्हती. चौतीसने भागल्यावर एक उरतो अशा मूळ संख्याच तेवढ्या पुरत होत्या. तरी त्या हजारो. हिल्ब्रांटनं वाटणी केली: वीस लाखांपर्यंत तो, पुढचं आफ्केनं.

तिनं पहिले कागद पाठवले, तेव्हा त्यानं लिहिलं, "नीट तपासलंस ना?"

"माझ्यावर विश्वास नाही का रे तुझा?" तिनं फणकाऱ्यानं उलट चिठ्ठी धाडली. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

दोन हिवाळे गेले. हरभऱ्याएवढ्या अक्षरांत कागद भरत राहिले. तिसऱ्या शरदात हिल्ब्रांट गेला. त्याचे उरलेले भागाकारही आफ्केनं स्वतःकडे घेतले. ताप असला तरी पेन्सिल सुटेना.

त्याचं सामान न्यायला मोठा भाऊ आला, तोही मास्तर. व्हरांड्यात आमच्या खाटांपाशी टोपी हातात धरून उभा राहिला. आफ्केनं त्याला कागद दाखवले.

"भाग जाणारी संख्या अजून सापडली नाही, पण मी सोडणार नाही."

तो गोंधळला. "अहो, ती सतरा एकांची संख्या तर केव्हाच फुटलीय. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसनं भाग जातो. मी हिल्ब्रांटला पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं. तो म्हणाला, गप्प राहा, ते तिला सापडू दे."

तो गेल्यावर आफ्केनं आपला अगदी पहिला गठ्ठा सोडला. ती संख्या तिथं होती. खाली तिच्याच हातचं: भाग जात नाही. मधल्या एका वजाबाकीत हातचा राहिला होता.

"बघ गं," ती मला म्हणाली, "त्यानं हे वाचलं होतं."

"पण सांगायचं ना त्यानं!"

"कसं सांगेल? मी भांडले होते."

तिनं भागाकार नव्यानं मांडला. बाकी शून्य आली. कागद तिनं पांघरुणावर तसाच ठेवला, वाऱ्यानं तो उडाला, आणि आम्ही दोघीही उठलो नाही.

वसंतात तिला घरी पाठवलं. बरी झाली म्हणून नव्हे, खाट हवी होती म्हणून. निघताना मी म्हटलं, "पत्र लिही."

"काय लिहू?" तिनं विचारलं. पत्र आलं नाही.